वकील आणि समाजमाध्यमे: व्यावसायिक आचारनीतीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सनद (वकिलीचा परवाना) घेतलेल्या, वकिली करणाऱ्या व्यक्तींसाठी आणि त्यांच्या कार्यालयात काम करणारे कनिष्ठ, कारकून व प्रशिक्षणार्थी यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. यातील नियम व कायदे भारतातील आहेत. तुलना जिथे खरोखर उपयोगी आहे, तिथेच परदेशातील एखाद्या प्रकरणाचा उल्लेख केला आहे.

वकिलाने समाजमाध्यमांवर मुळात असावे का?

असण्यास कोणतीही बंदी नाही. कायद्याची माहिती लोकांपर्यंत पोहोचवणे, नव्या निकालांवर अभ्यासपूर्ण लिहिणे, व्यवसायबंधूंशी विचारांची देवाणघेवाण करणे ही सगळी चांगली कामे आहेत आणि वकिलांनी ती अधिक केली पाहिजेत असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र बार असोसिएशनच्या खोलीत या विषयावर चर्चा होते तेव्हा ती बहुतेक वेळा जाहिरातबंदीभोवतीच फिरत राहते. जाहिरातीचा नियम महत्त्वाचा आहेच, पण त्याच्या भंगाने होणारे नुकसान मुख्यतः व्यवसायाच्या प्रतिष्ठेचे असते. अशिलाचे गुपित फुटले की नुकसान एका हाडामांसाच्या माणसाचे होते आणि ते भरून निघत नाही. म्हणून पुढील उत्तरांत गोपनीयतेला सर्वाधिक जागा दिली आहे.

याबाबत कोणते नियम लागू होतात?

समाजमाध्यमांसाठी वेगळी, स्वयंपूर्ण संहिता आपल्याकडे नाही. अधिवक्ता अधिनियम, १९६१ आणि त्याखाली बार कौन्सिल ऑफ इंडियाने, म्हणजे वकिली व्यवसायाचे नियमन करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने, केलेले आचारनियम हेच मूळ आधार आहेत. या आचारनियमांत न्यायालय, अशील, प्रतिपक्ष आणि सहव्यावसायिक अशा चौघांप्रती वकिलाची कर्तव्ये सांगितली आहेत. ती कर्तव्ये माध्यम बदलले म्हणून बदलत नाहीत. याशिवाय भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ मधील कलम १३२ ते १३४, भारतीय न्याय संहिता, २०२३ मधील काही कलमे, न्यायालय अवमान अधिनियम, १९७१ आणि माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० यांचा संबंध वारंवार येतो. आचारनियमांचा भंग सिद्ध झाल्यास अधिवक्ता अधिनियमाच्या कलम ३५ नुसार राज्य बार कौन्सिलची शिस्तपालन समिती समज देऊ शकते, ठरावीक काळासाठी व्यवसाय करण्यास मनाई करू शकते किंवा नामावलीतून नाव काढूनही टाकू शकते.

माझे खाते खासगी आहे आणि त्यावर फक्त ओळखीचे लोक आहेत. तरीही हे नियम लागू आहेत का?

होय. बार कौन्सिलचे नियम व्यक्तीला लागू होतात, खात्याच्या सेटिंगला नाही. शिवाय स्क्रीनशॉट काढायला एक क्षण पुरतो, आणि तो काढणारी व्यक्ती प्रतिपक्षाची दूरची नातलग असू शकते.

अशिलाचे नाव न घेता त्याच्या प्रकरणाविषयी लिहिता येते का?

हा सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर बहुतेकांना वाटते त्यापेक्षा कडक आहे. साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ नुसार व्यावसायिक सेवेच्या ओघात आणि त्या सेवेसाठी अशिलाने सांगितलेली गोष्ट, दाखवलेल्या दस्तऐवजातील मजकूर आणि वकिलाने दिलेला सल्ला यांपैकी काहीही अशिलाच्या स्पष्ट संमतीशिवाय उघड करता येत नाही. पूर्वीच्या पुरावा कायद्यात हेच बंधन कलम १२६ मध्ये होते, आणि बार कौन्सिलच्या नियम १७ ने त्याच कलमाचा हवाला देऊन त्याचा भंग हा आचारनियमांचा भंग ठरवला आहे. वकीलपत्र संपले, फी मिळाली, प्रकरण निकाली निघाले, तरी हे बंधन संपत नाही.

नाव वगळले म्हणजे ओळख पुसली गेली, हा समज चुकीचा आहे. कल्पनेतील एक उदाहरण घेऊ. एखादा वकील संध्याकाळी लिहितो: ‘आज एका शिक्षिकेच्या घटस्फोटाच्या अर्जात उलटतपासणी झाली. नवरा सहकारी बँकेत अधिकारी. लग्नाला अकरा वर्षे. तिने मला आदल्या रात्री जे सांगितले, ते ऐकून मन सुन्न झाले.’ या मजकुरात एकही नाव नाही. पण तो वकील कोणत्या न्यायालयात वकिली करतो हे खात्यावर लिहिलेले आहे, त्या दिवशीचा बोर्ड, म्हणजे सुनावणीच्या प्रकरणांची यादी, ऑनलाइन उपलब्ध आहे, आणि त्या शिक्षिकेच्या शाळेतील सहकाऱ्यांना ती कोणत्या तारखेला रजेवर होती हे ठाऊक आहे. चार तपशील एकत्र आले की माणूस उभा राहतो. आणि शेवटचे वाक्य तर थेट अशिलाने विश्वासाने सांगितलेल्या गोष्टीकडे बोट दाखवते, म्हणजे प्रतिपक्षाच्या वकिलाला ‘आदल्या रात्री काय सांगितले असेल’ असा विचार करायला आयते निमित्त मिळते.

कसोटी अशी ठेवावी: ही पोस्ट स्वतः अशिलाने किंवा त्याच्या शेजाऱ्याने वाचली तर ती कोणाबद्दल आहे हे त्यांना कळेल का? कळण्याची शक्यता असेल तर ती लिहू नये. कायद्याचा मुद्दा महत्त्वाचा वाटत असेल तर तेवढाच मुद्दा मांडावा, त्याभोवतीचा माणूस नको.

प्रकरणाचा निकाल लागला आहे आणि निकालपत्र न्यायालयाच्या संकेतस्थळावर आहे. आता तरी लिहिता येईल?

निकालपत्रात जे आहे त्याची कायदेशीर चर्चा करता येते, आणि ती करावी. परंतु स्वतः चालवलेल्या प्रकरणाविषयी लिहिताना वकिलाच्या मनात निकालपत्रातील माहिती आणि अशिलाकडून मिळालेली माहिती एकमेकांत मिसळलेली असते, आणि लिहिण्याच्या ओघात दुसरी पहिलीच्या वेशात बाहेर पडते. ‘निकालपत्रात नमूद नसले तरी खरी गोष्ट अशी होती’ हे वाक्य लिहिले गेले की कलम १३२ चा भंग झालाच. अमेरिकन बार असोसिएशनने २०१८ च्या ४८० क्रमांकाच्या मतपत्रात (आचारनियमांवरील औपचारिक अभिप्रायात) याहून कठोर भूमिका घेतली आहे: माहिती सार्वजनिक अभिलेखात असली, तरी अशिलाच्या संमतीशिवाय वकिलाने तिच्याबद्दल जाहीरपणे लिहू नये. आपल्याकडे ती बंधनकारक नाही, पण स्वतःच्या प्रकरणांपुरती पाळण्याजोगी नक्कीच आहे.

अशिलाने संमती दिली असेल तर?

स्पष्ट संमती हा कायद्यानेच मान्य केलेला अपवाद आहे. ती लेखी घ्यावी, कोणता मजकूर कुठे प्रसिद्ध होणार हे त्यात असावे, आणि ती फीच्या सवलतीशी जोडलेली नसावी. मात्र अशिलाच्या संमतीने गोपनीयतेचा प्रश्न सुटतो, जाहिरातबंदीचा सुटत नाही. तसेच कायद्यानेच ज्यांची ओळख झाकली आहे अशा व्यक्ती प्रकरणात असतील, तर अशिलाच्या होकाराने त्यांचे संरक्षण दूर होत नाही.

कोणत्या प्रकरणांबाबत अजिबात लिहू नये?

लैंगिक अत्याचारातील पीडित व्यक्तीची ओळख उघड करणे हा न्याय संहितेच्या कलम ७२ खाली दोन वर्षांपर्यंत कारावासास पात्र गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने निपुण सक्सेना प्रकरणात २०१८ मध्ये स्पष्ट केले की केवळ नावच नव्हे, तर दूरान्वयानेही ओळख पटेल असा कोणताही तपशील प्रसिद्ध करता येत नाही. बालकांच्या बाबतीत पॉक्सो कायद्याचे (बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचे) कलम २३ आणि बाल न्याय अधिनियम, २०१५ चे कलम ७४ असेच संरक्षण देतात. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या तक्रारींविषयी २०१३ च्या कायद्याचे कलम १६ आहे. मध्यस्थीत झालेल्या बोलण्याच्या गोपनीयतेची तरतूद मध्यस्थी अधिनियम, २०२३ मध्ये आहे.

हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २२ नुसार वैवाहिक कार्यवाही इन-कॅमेरा, म्हणजे बंद दाराआड, चालते आणि तिचा मजकूर छापण्यास किंवा प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. अपवाद आहे तो न्यायालयाच्या पूर्वपरवानगीने प्रसिद्ध होणाऱ्या उच्च व सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांचा. या कलमाखालचा दंड फक्त १,००० रुपयांपर्यंत आहे, त्यामुळे अनेक वकील ते गांभीर्याने घेत नाहीत. पोटगीच्या प्रकरणातील एखादा अर्ज व्हॉट्सॲपवर फिरल्यावर त्या कुटुंबातील मुलांना शाळेत काय ऐकावे लागते, याच्याशी त्या दंडाच्या रकमेचा काहीही संबंध नाही.

न्यायालयातील, कार्यालयातील किंवा बँड-गाऊनमधील छायाचित्रे टाकता येतात का?

कार्यालयातील छायाचित्र टाकण्यापूर्वी ते मोठे करून पाहावे. टेबलावरच्या फायलीच्या कव्हरवर पक्षकारांची नावे आणि प्रकरण क्रमांक ठळक अक्षरांत असतात, मागच्या फळ्यावर पुढच्या तारखा असतात, उघड्या संगणकावर अर्ध्यावर आलेला मसुदा असतो. आजच्या फोनच्या कॅमेऱ्यातून हे सगळे सहज वाचता येते. न्यायकक्षात छायाचित्र किंवा चित्रण करणे न्यायालयाच्या परवानगीशिवाय करूच नये.

गणवेशाबाबत एक नियम फारसा कोणाच्या लक्षात नसतो. बार कौन्सिलच्या नियम ७ नुसार न्यायालयाखेरीज अन्य सार्वजनिक ठिकाणी बँड आणि गाऊन घालण्यास मनाई आहे. समारंभाचे काही प्रसंग तेवढे अपवाद आहेत. रस्त्यावर किंवा गाडीसमोर गाऊन घालून, पार्श्वसंगीतासह केलेल्या रील या नियमात कशा बसतात, याचा विचार त्या करणाऱ्या तरुण वकिलांनी जरूर करावा.

जाहिरात कशाला म्हणायचे? माझ्या प्रोफाइलवर काय लिहिलेले चालते?

नियम ३६ वकिलाला प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे काम मागण्यास व जाहिरात करण्यास मनाई करतो. परिपत्रके, दलाल, वैयक्तिक संदेश, ओळख नसताना घेतलेल्या भेटी, वृत्तपत्रांत स्वतःबद्दल मजकूर छापून आणणे, चालवलेल्या प्रकरणांसंदर्भात आपली छायाचित्रे प्रसिद्ध होऊ देणे, असे सारे प्रकार त्यात नावानिशी आले आहेत. पाटीवरही आपण बार कौन्सिलचे पदाधिकारी आहोत, माजी न्यायाधीश आहोत किंवा अमुक एका प्रकारच्या कामात निष्णात आहोत असे लिहिता येत नाही. यामागचा विचार सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र विरुद्ध एम. व्ही. दाभोळकर या प्रकरणात परखडपणे मांडला. मुंबईच्या फौजदारी न्यायालयाच्या दारात पक्षकारांना अक्षरशः ओढून आपल्याकडे नेणाऱ्या वकिलांचे ते प्रकरण होते. कायदा हा व्यापार नाही आणि खटले हा विक्रीचा माल नाही, हा त्या निकालाचा गाभा.

२००८ मध्ये नियमात दुरुस्ती होऊन संकेतस्थळावर मर्यादित माहिती देण्यास परवानगी मिळाली: नाव, पत्ता व संपर्क, सनदेचा आणि बार असोसिएशनच्या सदस्यत्वाचा तपशील, शैक्षणिक व व्यावसायिक पात्रता आणि कामाची क्षेत्रे. प्रोफाइलसाठीही हीच चौकट वापरणे सुरक्षित आहे. ‘दिवाणी व कौटुंबिक प्रकरणे’ असे लिहिणे या चौकटीत बसते. ‘जामीन मिळवून देण्यात क्रमांक एक’, ‘यशाची खात्री’, ‘पहिला सल्ला मोफत’ हे बसत नाही. पैसे देऊन पोस्टचा प्रसार वाढवणे, अनुयायी विकत घेणे, अशिलांकडून पंचतारांकित अभिप्राय मागणे आणि जिंकलेल्या प्रत्येक प्रकरणानंतर अशिलाच्या गळ्यात हार घातलेले छायाचित्र टाकणे हेही अप्रत्यक्ष जाहिरातच आहे.

मद्रास उच्च न्यायालयाने ३ जुलै २०२४ रोजी वकिलांच्या सेवा विक्रीस ठेवल्याप्रमाणे मांडणाऱ्या ऑनलाइन पोर्टल्सविरुद्ध कठोर निकाल दिला आणि त्यांच्यामार्फत काम मागणाऱ्या वकिलांवर शिस्तभंगाची कारवाई व्हावी असे बजावले. त्यापाठोपाठ त्याच महिन्यात बार कौन्सिल ऑफ इंडियाने राज्य बार कौन्सिलांना कारवाईचे निर्देश दिले. मार्च २०२५ मध्ये कौन्सिलने प्रचारकी व्हिडिओ आणि समाजमाध्यमांवरील प्रसिद्ध चेहऱ्यांकडून करून घेतलेली जाहिरात यांचाही जाहीर निषेध केला.

जाहिरातबंदी इतकी कडक असावी का, यावर प्रामाणिक मतभेद आहेत. ज्यांच्या घराण्यात वकिली नाही अशा नव्या वकिलांना ही बंदी जाचक वाटते, आणि त्यांचे म्हणणे अजिबात क्षुल्लक नाही. त्या बदलासाठी बार कौन्सिलकडे मागणी करता येते. नियम अस्तित्वात असताना तो मोडणे हा त्याचा मार्ग नव्हे.

मग कायद्याची माहिती देणारे लेख व व्हिडिओ करायचेच नाहीत का?

अवश्य करावेत. वारस नोंद कशी होते, धनादेश न वटल्यास नोटीस किती दिवसांत द्यावी लागते, अटकेत असलेल्या व्यक्तीचे हक्क कोणते, हे सोप्या मराठीत सांगणारे लोक हवेच आहेत. माहिती तपासलेली असावी, कोणत्या तारखेपर्यंतचा कायदा सांगितला आहे ते नमूद असावे, आणि शेवटी फोन क्रमांक देऊन ‘अशा प्रकरणासाठी संपर्क साधा’ असे आवाहन नसावे. १ जुलै २०२४ पासून तीन नवे फौजदारी कायदे लागू झाल्यानंतरही जुन्या कलम क्रमांकांचे व्हिडिओ तसेच फिरत आहेत. आपला जुना मजकूर दुरुस्त करणे किंवा काढणे हेही कर्तव्यच आहे.

टिप्पणीत किंवा खासगी संदेशात कोणी सल्ला विचारला तर काय करावे?

सर्वसाधारण माहिती द्यावी आणि विशिष्ट प्रकरणावर मत देऊ नये. याची दोन कारणे आहेत. एक, कागद न पाहता दिलेल्या सल्ल्यावर विसंबून त्या व्यक्तीची मुदत टळू शकते. दुसरे कारण कमी लक्षात घेतले जाते. नियम ३३ नुसार दाव्यासंबंधी ज्याने एका पक्षाला सल्ला दिला आहे त्याला त्याच प्रकरणात विरुद्ध पक्षासाठी उभे राहता येत नाही. रात्री उशिरा कोणाला तरी संदेशात दिलेला सल्ला आपण विसरून जातो, आणि सहा महिन्यांनी त्या व्यक्तीचा भाऊ वाटणीच्या दाव्याचे कागद घेऊन आपल्याकडे येतो. तेव्हा तो जुना संदेश समोरच्याकडे जपून ठेवलेला असतो. म्हणून पहिल्याच उत्तरात नम्रपणे सांगावे की येथे प्रकरणाचे तपशील लिहू नका, कागदपत्रांसह कोणत्याही वकिलाची प्रत्यक्ष भेट घ्या.

एका माजी अशिलाने माझ्याविषयी खोटा आणि बदनामीकारक अभिप्राय लिहिला आहे. उत्तर देऊ का?

‘वकिलाने पैसे घेतले आणि तारखेला आलाच नाही’ असे कोणी लिहिले, तर संताप येणे स्वाभाविक आहे. लगेच सुचणारे उत्तर असे असते: ‘आपण मूळ खरेदीखत माझ्यापासून लपवले, दोन वेळा खोटे सांगितले, म्हणूनच दावा फेटाळला गेला.’ हे कदाचित शब्दशः खरे असेल. तरीही ते लिहिताच वकिलाने अशिलाकडून कळलेली गोष्ट आणि दस्तऐवजाविषयीची माहिती जगासमोर मांडलेली असते. कलम १३२ मधील अपवाद मोजके आहेत: अशिलाची स्पष्ट संमती, बेकायदेशीर हेतूने केलेले संभाषण, आणि सेवा सुरू झाल्यानंतर घडलेला गुन्हा किंवा फसवणूक. ऑनलाइन टीकेला उत्तर देण्यासाठी गुपित फोडण्याची मुभा त्यात नाही. अमेरिकेत स्वसंरक्षणाचा अपवाद नियमांतच आहे, तरीही तेथील बार असोसिएशनने २०२१ च्या ४९६ क्रमांकाच्या मतपत्रात सांगितले की केवळ नकारात्मक अभिप्राय हे त्या अपवादाचे निमित्त होऊ शकत नाही.

उत्तर द्यायचेच असेल तर एवढे पुरे: ‘व्यावसायिक गोपनीयतेच्या बंधनामुळे मी येथे काहीही सांगू शकत नाही. आपली तक्रार असल्यास कृपया थेट माझ्याशी बोला.’ मजकूर खोटा आणि गंभीर असेल तर तो काढण्यासाठी संबंधित माध्यमाकडे तक्रार करता येते आणि कायदेशीर मार्गही खुला आहे.

न्यायाधीशांवर किंवा निकालावर टीका करता येते का?

निकालावर टीका करता येते. अंतिम निर्णय झालेल्या प्रकरणाच्या गुणवत्तेवरील न्याय्य टीका हा अवमान नव्हे असे अवमान अधिनियमाचे कलम ५ सांगते, आणि न्यायालयीन कार्यवाहीच्या न्याय्य व अचूक वृत्तांताला कलम ४ चे संरक्षण आहे. निकाल कोणत्या पूर्वनिर्णयाशी विसंगत आहे, कोणता पुरावा नजरेआड झाला, हे लिहिण्यात वकिलांइतके सक्षम दुसरे कोणी नाही. न्यायाधीशाच्या हेतूंवर आरोप करताना मात्र पायाखालची जमीन बदलते. ऑगस्ट २०२० मध्ये ज्येष्ठ वकील प्रशांत भूषण यांना दोन ट्वीटसाठी सर्वोच्च न्यायालयाने अवमानाबद्दल दोषी ठरवले. शिक्षा एक रुपया दंडाची होती, पण तो न भरल्यास तीन महिने कारावास आणि तीन वर्षे त्या न्यायालयात वकिली करण्यास मनाई असा आदेश होता. त्या निकालावर कायदेपंडितांत आजही तीव्र मतभेद आहेत. चालू प्रकरणात स्वतः हजर असलेल्या वकिलाने त्याच न्यायाधीशाविषयी टिप्पणी करण्याचा धोका याहून वेगळा आहे, कारण तिची किंमत त्याचा अशील मोजतो.

न्यायाधीशांशी समाजमाध्यमांवर मैत्री ठेवावी का?

नियम ३ नुसार प्रलंबित प्रकरणासंबंधी न्यायाधीशांशी खासगी संपर्क निषिद्ध आहे. केवळ यादीत नाव असणे म्हणजे गैरवर्तन नव्हे. महाविद्यालयीन मित्र न्यायाधीश झाले म्हणून कोणी ओळख पुसत नाही. पण ज्यांच्यासमोर आपण नियमित उभे राहतो त्यांना नवी विनंती पाठवू नये, आणि त्यांच्यासोबतची समारंभातील छायाचित्रे टाकू नयेत. समोरच्या अशिलाच्या मनात ‘यांचे आतून काहीतरी आहे’ ही शंका निर्माण होणे, एवढ्यानेही न्यायाचे नुकसान होते. न्यायाधीशांवरील बंधने अधिक कडक आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये स्वीकारलेली न्यायिक जीवनमूल्ये त्यांना सार्वजनिक वादांपासून दूर राहण्यास सांगतात, आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्याच न्यायालयाच्या पीठाने न्यायाधीशांनी फेसबुकवर जाऊ नये आणि निकालांवर मतप्रदर्शन करू नये असे तोंडी मत व्यक्त केले.

प्रतिपक्षाचे किंवा साक्षीदाराचे खाते तपासता येते का?

सर्वांना खुला असलेला मजकूर पाहणे योग्यच आहे. उत्पन्न शून्य सांगणारा पती परदेशवारीची छायाचित्रे टाकत असेल तर ती पाहणे वकिलाचे कामच आहे. बंद खात्यात शिरण्यासाठी मात्र खोट्या नावाने विनंती पाठवणे, किंवा कनिष्ठाला अथवा अशिलाच्या बहिणीला तसे करायला लावणे, ही फसवणूक आहे. संगणकीय साधनाद्वारे तोतयेगिरी करून फसवणूक करणे माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६६ड खाली गुन्हाही आहे. खऱ्या नावाने विनंती पाठवली तरी अडचण उरतेच, कारण नियम ३४ नुसार ज्या पक्षाला वकील आहे त्याच्याशी वादविषयावर त्याच्या वकिलामार्फतच बोलता येते.

मिळालेला मजकूर पुरावा म्हणून वापरायचा असेल तर नुसता स्क्रीनशॉट पुरेसा नाही. अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये इलेक्ट्रॉनिक अभिलेखाच्या प्रतीसोबतचे प्रमाणपत्र अनिवार्य ठरवले. आता ते साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) खाली, अनुसूचीतील नमुन्यात, हॅश मूल्यासह (फाइलमध्ये बदल झालेला नाही हे ताडून पाहण्याच्या सांकेतिक मूल्यासह) द्यावे लागते.

अशिलाच्या स्वतःच्या पोस्ट त्याच्या विरोधात जात आहेत. त्या काढून टाकायला सांगू का?

येथे वकील सर्वाधिक सहजपणे घसरतो, कारण हेतू अशिलाच्या हिताचा असतो. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात पत्नीच्या अपघाती मृत्यूबद्दल नुकसानभरपाई मागणाऱ्या एका व्यक्तीच्या फेसबुकवर बिअरचा डबा हातात घेतलेले एक छायाचित्र होते. वकिलाने कार्यालयातील सहायकामार्फत खाते ‘साफ’ करण्याचा सल्ला दिला, आणि नंतर प्रतिपक्षाला कळवले गेले की असे खातेच नाही. प्रकार उघड झाल्यावर वकिलावर ५,४२,००० डॉलरचा भुर्दंड बसला, जो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये कायम ठेवला, आणि पुढे त्याची सनद पाच वर्षांसाठी निलंबित झाली. ते छायाचित्र तसेच राहिले असते तर दाव्याचे फार काही बिघडले नसते.

आपल्याकडे न्यायालयात सादर होऊ नये म्हणून इलेक्ट्रॉनिक अभिलेख नष्ट करणे हा न्याय संहितेच्या कलम २४१ खाली तीन वर्षांपर्यंत कारावासाचा गुन्हा आहे, आणि नियम ४ वकिलाला अशिलाच्या गैरमार्गांना आवर घालण्यास सांगतो. म्हणून पहिल्याच भेटीत अशिलाला सांगावे: जे लिहिले आहे ते तसेच राहू द्या, त्याची प्रत माझ्याकडे द्या, आणि प्रकरण संपेपर्यंत नवे काही लिहू नका. खात्याची गोपनीयता वाढवायला हरकत नाही, मजकूर नष्ट करायला आहे.

सुनावणीच्या थेट प्रक्षेपणातील तुकडे शेअर करता येतात का?

स्वप्नील त्रिपाठी प्रकरणातील २०१८ च्या निकालाने थेट प्रक्षेपणाचा मार्ग खुला केला आणि सप्टेंबर २०२२ पासून सर्वोच्च न्यायालयातील घटनापीठांच्या सुनावण्या लोकांना पाहता येऊ लागल्या. पण पाहण्याची मुभा म्हणजे कापून वापरण्याची मुभा नव्हे. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीच्या आदर्श नियमांत अनधिकृत ध्वनिचित्रमुद्रण व प्रसार यांना मनाई आहे. न्यायाधीश युक्तिवादाची परीक्षा घेण्यासाठी प्रश्न विचारतात. त्यातील तीस सेकंद उचलून ‘न्यायालयाने फटकारले’ असा मथळा देणे हे लोकांची दिशाभूल करणे आहे, आणि वकिलाला तो फरक न कळण्याचे कारण नाही.

बार असोसिएशनच्या किंवा बॅचच्या व्हॉट्सॲप गटात मसुदा तपासायला टाकणे योग्य आहे का?

नाही, निदान नावे, पत्ते, सर्व्हे क्रमांक आणि बँक तपशील काढल्याशिवाय नाही. गटातील एखादा सदस्य प्रतिपक्षाचे वकीलपत्र घेऊन बसलेला असू शकतो. ज्येष्ठाचा सल्ला हवा असेल तर एका व्यक्तीला विचारावे.

कनिष्ठ किंवा कारकुनाने टाकलेल्या पोस्टची जबाबदारी कोणाची?

कलम १३२ चे बंधन दुभाषे, कारकून आणि कार्यालयातील कर्मचारी यांनाही लागू आहे. प्रत्यक्षात त्यांना हे कोणी सांगितलेलेच नसते. पहिल्याच महिन्यात मोठ्या फौजदारी प्रकरणाची फाइल हाती आलेल्या प्रशिक्षणार्थीला त्याचे अप्रूप वाटणारच, आणि तो ते मित्रांना दाखवणारच. रुजू होतानाच एक पानाची लेखी सूचना देऊन त्यावर सही घ्यावी, आणि त्यानंतर ती समजावून सांगण्यासाठी अर्धा तास द्यावा. कार्यालय ज्याच्या नावाने चालते त्याला अशील जाब विचारणार, कनिष्ठाला नाही.

राजकीय मते मांडता येतात का?

येतात, अभिव्यक्तीचा हक्क सनदेबरोबर गहाण पडत नाही. भाषा सभ्य असावी, आणि कोणत्याही समाजघटकाविषयी असे काही लिहू नये की त्या घटकातील माणसाला उद्या आपल्याकडे न्यायासाठी येताना भीती वाटेल. सरकारी वकील आणि शासकीय पॅनेलवरील वकील यांनी नेमणुकीच्या अटी पाहून घ्याव्यात.

चुकीची पोस्ट आधीच गेली आहे. आता काय करावे?

प्रथम पोस्टची तारीख, वेळ आणि टिप्पण्यांसह प्रत जतन करावी, कारण पुढे तक्रार झाल्यास तोच पुरावा असेल. मग पोस्ट काढून टाकावी. अशिलाचा मजकूर उघड झाला असेल तर त्याच दिवशी त्याला स्वतः फोन करून सांगावे. त्याला तो दुसऱ्याकडून कळता कामा नये. चालू प्रकरणावर परिणाम होणार असेल तर दुसरा वकील नेमण्याचा पर्याय त्याच्यासमोर ठेवावा. मजकूर पूर्वीच पुढे पाठवला गेला असेल तर ज्यांनी तो पाठवला त्यांना तो काढण्याची लेखी विनंती करावी. बार कौन्सिलची नोटीस आल्यास उत्तरात घडलेले सारे जसेच्या तसे सांगावे आणि काढलेल्या पोस्टची जतन केलेली प्रत सोबत जोडावी. राज्य शिस्तपालन समितीच्या आदेशाविरुद्ध ६० दिवसांत बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे आणि तिच्या आदेशाविरुद्ध ६० दिवसांत सर्वोच्च न्यायालयाकडे अपील करता येते.